चौसष्ट घरं आणि आजऱ्याचा घनसाळ

(लाल फरशी. खडूनं आखलेला पट. फक्त हात दिसतात.)

कोल्हापूर, शिवाजी पेठ. जुन्या घराच्या सोप्यात बुद्धिबळाचा पट आखलाय. पहिल्या घरात घनसाळ तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. पोरं बोटानं मोजतायत. कॅल्क्युलेटरला इथं बंदी आहे, आणि ती असायलाच हवी.

(जवळून: पाचवं घर भरतंय.)

पाचव्या घरात १६, म्हणजे पहिल्याच्या सोळापट. सहाव्यात ३२, दुसऱ्याच्या सोळापट. पुढची चारही घरं अशीच. ती सोळापट आणि आधीची चार, मिळून सतरापट. आधीच्या चार घरांत १५ दाणे होते. १५ गुणिले १७, ओळीचे झाले २५५. दोन घरांचे ३, चारांचे ३ गुणिले ५, आठांचे ३ गुणिले ५ गुणिले १७. घरं दुप्पट केली की जुन्या बेरजेला एक नवा अवयव येऊन चिकटतो. हे पुस्तकात एका ओळीचं सूत्र आहे. इथं ते गुडघे टेकून कळतं.

बाराव्या घरात २,०४८ दाणे. शंभर-शंभराचे ढीग घातले, आणि नेमकं मांजर आडवं गेलं.

"सर, धरा की त्याला! सगळं इस्कटलं!"

(हशा. ढीग परत लावले जातात.)

सरांच्या हातात 'लीलावती'. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात हेच विचारलंय: पहिल्या दिवशी दोन कवड्या दान, मग रोज दुप्पट, तर महिन्यात किती? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या.

पुढच्या घरांत तांदूळ नाही, खडूचे आकडे. दोन ओळींना २५७ हा अवयव चिकटला, अर्ध्या पटाला ६५,५३७. अख्ख्या पटाचे दाणे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

(फळा.)

अख्ख्या पटाला चिकटलेला शेवटचा अवयव ४,२९,४९,६७,२९७. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या मूळ संख्या, तशीच हीही मूळ असणार असं फ्रेंच गणिती फर्माला वाटलं होतं. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरनं ती फोडली. हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवूनच येतो, हेही त्यानंच पुढं सिद्ध केलं. म्हणजे तपासायचं काय? १९३, २५७, ४४९, ५७७. पोरांनी चारही भागाकार केले, चारही वेळा बाकी उरली. पाचवा ६४१.

ऑनलाइन व्यवहारांच्या कुलपांत ६५,५३७ आजही वापरतात, आणि संगणकाच्या ६४ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे हाच अख्खा पट.

(खडू फळ्यावर. भागाकार उतरत जातो.)

भागाकार ६७,००,४१७. बाकी शून्य.

(एक मुलगी सुपात तांदूळ पाखडते, खडूची पूड उडते. निवेदन नाही.)