अर्ध्या कोयत्याचा हिशेब

पहाटेचे चार. कृष्णाकाठचा उसाचा फड. बॅटरीच्या उजेडात तो बुडख्यापासून ऊस तोडत पुढे सरकतोय. मागून ती वाढं छाटते, पाचट काढते, मोळी बांधते. मग तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. फळी दवानं निसरडी झालेली. खाली पाळण्यात लेकरू.

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारकडचं हे जोडपं. कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत मात्र ही दोन माणसं नाहीत. तिथे लिहिलंय, ‘एक कोयता’. नवरा-बायको मिळून एक.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला २७३ रुपये होते, ते ३६६ झाले. ही वाढ मजुरांनी भांडून मिळवली, तिचं मोल आहेच. पण एका कोयत्यानं दिवसभरात दोन टन तोडला नि भरला, तर ७३२ रुपये. माणशी ३६६. गाडी रात्री आली, तर भरायला रात्री उठायचं, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

आणि हे पैसेही हातात पडत नाहीत. ते उचल म्हणून आधीच घेतलेले असतात. घरावरचे पत्रे, लेकीचं लग्न, दवाखाना. समजा, उचल १ लाखाची आहे. ती फेडायला २७३ टन ऊस तोडायला हवा. रोज दोन टन धरले, तर १३७ दिवस, एकही खाडा न करता. हल्ली कित्येक कारखान्यांचा पट्टा त्याआधीच पडतो, म्हणजे हंगामच संपतो. मग बाकी अंगावर राहते, आणि पुढच्या साली पुन्हा त्याच मुकादमाच्या गाडीत बसावं लागतं.

खाडा म्हणजे दंड. ताप आला तरी, पाळीत पोट दुखलं तरी. २०१९ मध्ये शासनाच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. मजुरीची चर्चा करताना हा आकडा बाजूला ठेवता येत नाही.

उचलीच्या कागदावर सही नवऱ्याची. हिशेबही त्याच्याशीच. तिच्या हातात रोख येते ती फक्त वाढ्यांची. उसाचे हिरवे शेंडे पेंढ्या बांधून गावातल्या गुरंवाल्यांना विकायचे. तेल, मीठ, पोराच्या तापाचं औषध यातूनच. टनाटनाची नोंद वजनकाट्यावर होतेच ना? मग त्यातली अर्धी मजुरी तिच्या नावानं, तिच्या खात्यात का जाऊ नये?

ट्रक हलला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बांधावर बसून पेंढ्या मोजायला घेतल्या. बावीस भरल्या.