ऑप्शन फॉर्ममधील पहिला क्रमांक

सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या मागच्या खोलीत एक मुलगा मोबाइलवर अभियांत्रिकी प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाची यादी, उघडून बसला आहे आणि दळण थांबले की त्याचे वडील आत डोकावून जातात. हे कुटुंब प्रातिनिधिक आहे, त्याला आम्ही नाव दिलेले नाही. मात्र सीईटीचा निकाल लागल्यानंतरच्या काही आठवड्यांत अशी खोली महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्यात सापडेल. मुलाला 97 पर्सेंटाइल आहेत, घराचे वार्षिक उत्पन्न 5 लाख रुपये आहे, प्रवर्ग खुला आहे, आणि आईवडिलांपैकी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. गेल्या वर्षीचे कटऑफ पाहता त्याच्या आवाक्यात दोन जागा आहेत. पहिली पुण्यातील एका नावाजलेल्या खासगी स्वायत्त महाविद्यालयातील आणि दुसरी जिल्ह्यातीलच, फारशा परिचित नसलेल्या महाविद्यालयातील, पण शिक्षण शुल्क पूर्ण माफ असलेली. शाखा दोन्हीकडे एकच, संगणक अभियांत्रिकी.

"अप्पा, दोन्ही भरता येतात, पण वर कुठलं ठेवू?" असे मुलगा विचारतो.

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. 2025 च्या प्रवेशप्रक्रियेपासून जागावाटपाच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती स्वीकारावीच लागते; दुसऱ्या फेरीत हे बंधन पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना लागू होते. त्यामुळे 'आधी भरून ठेवू, मग पाहू' ही जुनी सवय आता महागात पडू शकते, आणि घरातील खरी चर्चा प्रवेशाच्या दिवशी नव्हे, तर फॉर्म भरतानाच व्हावी लागते.

शुल्कमाफीच्या जागेला विद्यार्थी 'टीएफडब्ल्यूएसची (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) सीट' म्हणतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या, कोणत्याही प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक शाखेच्या मंजूर प्रवेशक्षमतेवर 5 टक्के जादा जागा ठेवलेल्या असतात, म्हणजे 60 विद्यार्थ्यांच्या शाखेत अवघ्या 3. तिच्यासाठी ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळा कोड भरावा लागतो, आणि जागा इतक्या थोड्या असल्याने त्याच महाविद्यालयातील नेहमीच्या जागेपेक्षा तिचा कटऑफ सहसा वर असतो. त्यामुळेच पुण्यात नेहमीची जागा मिळू शकणाऱ्या मुलाला पुण्यातच शुल्कमाफी मिळत नाही, ती जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते. या सवलतीत माफ होते ते केवळ शिक्षण शुल्क, विकास निधी आणि इतर आकार भरावेच लागतात; शिवाय या जागेवर प्रवेश घेतलेल्याला पुढे महाविद्यालय किंवा शाखा बदलता येत नाही.

एक गोष्ट येथे नोंदवायला हवी. राज्यात या विद्याशाखेत ज्या नावांचा सर्वाधिक दबदबा आहे, ती 1854 पासूनची पुण्याची सीओईपी आणि 1887 साली स्थापन झालेली मुंबईची व्हीजेटीआय, या अभियांत्रिकी संस्था पुण्या-मुंबईतील बऱ्याच नामांकित खासगी महाविद्यालयांपेक्षा स्वस्त आहेत. तेथे प्रवेश मिळणाऱ्याला प्रतिष्ठा की पैसा असा प्रश्न सहसा पडत नाही. तो पडतो त्या खालच्या पायरीवर, जिथे नाव पुरेसे मोठे असते पण त्याची किंमत कुटुंबाने मोजायची असते. मुलींच्या बाबतीत चित्र अलीकडे बदलले आहे: 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना केंद्रीभूत (राज्याच्या एकत्रित) प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत मिळते. अशा मुलीच्या घरी वाद उरतो तो वसतिगृहाचा आणि मेसचा.

आपल्या मुलाला पुण्यात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मिळू शकते, म्हणजे निम्मे शिक्षण शुल्क शासन भरेल. हिशेब मांडण्यासाठी आपण काही आकडे गृहीत धरू. शिक्षण शुल्क 1 लाख 40 हजार असेल, तर त्यातील 70 हजार घरून जातील. इतर आकार 20 हजार, राहणे-जेवणे साधारण 1 लाख, म्हणजे वर्षाला 1 लाख 90 हजार. गिरणीच्या उत्पन्नातून 40 हजार काढता आले, तरी दरवर्षी दीड लाख आणि चार वर्षांत 6 लाख रुपये कर्ज काढावे लागेल. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला शासन बँकेला हमी देते त्या पतहमी योजनेमुळे तारण लागत नाही, हे खरे. परंतु तारण लागत नाही म्हणून व्याज थांबत नाही. दर 10 टक्के धरला, तर शिक्षणाची चार वर्षे आणि त्यानंतरची हप्ते न भरण्याची एक वर्षाची सवलत एवढ्या काळात सरळव्याजानेच 2 लाख 10 हजार रुपये मुदलावर चढतात, आणि 8 लाख 10 हजारांची ती रक्कम सात वर्षांत फेडायची म्हटली तर महिन्याचा हप्ता सुमारे साडेतेरा हजार पडतो. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असते, तर नॅक (संस्थेचा दर्जा तपासणारी यंत्रणा) किंवा एनबीए (अभ्यासक्रमाचा दर्जा तपासणारी यंत्रणा) यांचे मानांकन असलेल्या संस्थेतील व्यावसायिक शिक्षणासाठी या पहिल्या काळातील व्याज केंद्र शासनाने भरले असते आणि हप्ता दहा हजारांच्या जवळ आला असता. आपले कुटुंब ती रेषा 50 हजारांनी ओलांडून पलीकडे आहे. तहसील कार्यालयातून आलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावरील एक आकडा महिन्याच्या हप्त्यात साडेतीन हजारांचा फरक पाडतो. पुण्याच्या आणि जिल्ह्याच्या महाविद्यालयाची तुलना करणारे सगळे सल्लागार नेमके याच कागदाकडे दुर्लक्ष करतात, असे आमचे निरीक्षण आहे.

आता साडेतेरा हजारांच्या हप्त्यासमोर पहिली नोकरी ठेवून पाहू. मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्या शेकड्यांनी जी भरती करतात, तिचे वार्षिक पॅकेज बराच काळ साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळत राहिले आहे. हातात येतात पंचवीस हजार किंवा त्याहून थोडे अधिक. या भरतीसाठी सामाईक चाचणी असते आणि तेथे पुण्याचा विद्यार्थी व जिल्ह्याचा विद्यार्थी एकाच पगारावर रुजू होतात. मोठ्या पगाराच्या, स्वतःची उत्पादने तयार करणाऱ्या कंपन्या मात्र मोजक्याच महाविद्यालयांत जातात, आणि पुण्याच्या नावाची खरी किंमत तेथे आहे. ती किती विद्यार्थ्यांना मिळते, हे महाविद्यालयाच्या दारावरील फलकावरून कळत नाही, कारण फलकावर सर्वाधिक पॅकेज असते. राष्ट्रीय मानांकनासाठी, म्हणजे एनआयआरएफसाठी, संस्था जी माहिती सादर करतात तीत किती विद्यार्थ्यांनी वेळेत पदवी पूर्ण केली, किती जणांना नोकरी मिळाली, त्यांचे मध्यक वेतन किती आणि किती विद्यार्थ्यांना पूर्ण शुल्काची प्रतिपूर्ती मिळते, हे वर्षवार दिलेले असते. सर्वाधिक पॅकेज एका विद्यार्थ्याचे असते, मध्यक वेतन रांगेच्या मधोमध उभ्या असलेल्याचे असते, आणि आपला मुलगा रांगेत कोठे उभा राहील हे आज कोणालाही सांगता येणार नाही.

नावामुळे माणूस घडतो की घडणारी माणसेच नावाकडे जातात, याचा छडा लावण्याचा एक गाजलेला प्रयत्न अमेरिकेत झाला. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 1976 साली महाविद्यालयात दाखल झालेल्यांपैकी ज्यांना सारख्याच दर्जाच्या संस्थांत प्रवेश मिळाला होता, पण ज्यांतील काहींनी कमी प्रतिष्ठेची संस्था निवडली होती, अशांच्या पुढील कमाईची तुलना केली. सरासरी कमाईत फारसा फरक आढळला नाही. अपवाद निघाला तो गरीब घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांचा. त्यांना प्रतिष्ठित संस्थेचा लाभ झाला होता, आणि नंतरच्या अभ्यासात कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांबाबतही तसेच दिसले. अमेरिकेतील निष्कर्ष सोलापुरात जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही गिरणीच्या खोलीत तो अस्वस्थ करतो, कारण ज्या घरात ओळखी नाहीत आणि इंग्रजीत चार वाक्ये बोलणारे कोणी नाही, त्या घरातील मुलाला नावाचा उपयोग सर्वाधिक होतो, आणि ते नाव परवडत नाही तेही याच घराला.

आमचे मत विचाराल, तर या विशिष्ट घराने शुल्कमाफीची जागा वर ठेवावी. जिल्ह्याच्या महाविद्यालयातील संगणक शाखेला एनबीएचे मानांकन आहे, हे गृहीत धरून आम्ही तसे म्हणतो. ते नसते तर आमचे मत डळमळले असते. कारण असे की, नाव नंतरही मिळवता येते. गेट ही अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा देताना पदवीचे महाविद्यालय कोणते, हे गुणांत कोठेही मोजले जात नाही, आणि गेटच्या गुणांवर आयआयटीत एमटेकला प्रवेश मिळालेल्याला महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळते. अर्थात त्यासाठी चार वर्षे शिस्तीने अभ्यास करावा लागेल, आणि ज्या वर्गात सोबतचे कोणी गेटचे नाव काढत नाहीत तेथे ती शिस्त राखणे कठीण असते. पुण्यात मुलगा विकत घेणार होता ती गोष्ट बहुधा हीच होती: सोबत.

फॉर्म निश्चित करण्याची मुदत संध्याकाळी संपते. मुलाने शुल्कमाफीचा कोड पहिल्या क्रमांकावर घेतला, आणि मग वडिलांनी विचारले की तिथे तीनच जागा आहेत, तर त्या भरल्या म्हणजे काय करायचे. त्याने उत्तर दिले नाही. पुण्याचा कोड त्याने दुसऱ्या क्रमांकावर तसाच ठेवला, दोन्ही ओळी एकदा मोठ्याने वाचून दाखवल्या आणि वडील पुन्हा दळणाकडे वळले.