पार्किन्सन्सची थरथर दिसते त्याच्या कितीतरी आधी

व्हिडिओत हे जे ठिपके सरकताना दिसतायत ना, ती मायटोकॉन्ड्रिया आहेत, जिवंत न्यूरॉनमधली, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशीतली. एटीपी, म्हणजे पेशी ज्याच्यावर चालते ती ऊर्जा, बरीचशी इथेच बनते. आता ते एक मधेच थांबलंय, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

त्याच्या आवरणावरचा व्होल्टेज पडलाय. एरवी पिंक-1 नावाचं प्रोटीन आत ओढलं जातं आणि तिथेच तुटून जातं, पण व्होल्टेज गेला की ते आत जाऊच शकत नाही, बाहेरच्या बाजूला साचत राहतं आणि पार्किन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला बोलावून घेतं. हे हिरवं चमकायला लागलं ते पार्किन. ते खराब मायटोकॉन्ड्रियावर खुणा करत सुटतं, मग पेशी त्याला गुंडाळून पचवून टाकते. किती नीट चालतं बघा हे सगळं! पिंक-1 किंवा पार्किन, कुठल्याही एका जीनच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर पार्किन्सन्स खूप कमी वयात येऊ शकतो.

हा मेंदूचा काप. काळा पट्टा दिसतोय तो सब्स्टॅन्शिया नायग्रा, डोपामाइन, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन, बनवणारे न्यूरॉन इथे असतात. एकेकाच्या फांद्या लाखो जोडण्यांपर्यंत पसरलेल्या आणि कोणी सांगो न सांगो हे न्यूरॉन सतत सिग्नल सोडत राहतात, त्यामुळे ऊर्जा कमी पडली की पहिला फटका ह्यांनाच.

1982, कॅलिफोर्निया. नकली हेरॉइन घेतलेली काही तरुण मुलं थोड्याच दिवसांत गोठल्यासारखी झाली, पार्किन्सन्स झाल्यासारखी हालचालच बंद. त्यात एमपीटीपी नावाचं रसायन मिसळलं गेलं होतं, मेंदूत त्याचं एमपीपी प्लस होतं, ते डोपामाइनच्याच वाटेने न्यूरॉनमध्ये शिरतं आणि मायटोकॉन्ड्रियातलं कॉम्प्लेक्स-1, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतली पहिली कडी, बंद पाडतं. 1989 मध्ये तर कधीही असलं काही न घेतलेल्या पार्किन्सन्सच्या पेशंटच्या सब्स्टॅन्शिया नायग्रातही कॉम्प्लेक्स-1 कमजोर सापडलं. ह्या आजारात न्यूरॉनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रोटीनच्या गाठीही असतात, मान्य, पण त्याही मायटोकॉन्ड्रियाला त्रास देतातच.

पुढे थरथर, कडक होणारे स्नायू, आखडलेली पावलं.

लेव्होडोपाने, म्हणजे मेंदूत ज्याचं डोपामाइन होतं त्या औषधाने, हालचाल सुधारते, मायटोकॉन्ड्रिया दुरुस्त होत नाहीत. मायटोकॉन्ड्रियाला ऊर्जा बनवायला लागणाऱ्या को-एन्झाइम क्यू-10 ची मोठी ट्रायल 2011 मध्ये थांबवावी लागली, उपयोग दिसला नाही, पण त्यातल्या लोकांना लक्षणं आधीच सुरू झालेली होती, म्हणजे बरेच न्यूरॉन तोपर्यंत गेलेले. आता पिंक-1 आणि पार्किनच्या ह्याच सफाईला जोर देणारी औषधं माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत आली आहेत.