लिस्बनचा एक चौक

श्रोतेहो, नमस्कार.

लिस्बन म्हटलं की अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम आणि बेलेंच्या दुधाळ गोड पेस्ट्र्या आल्याच. ट्रामसाठी रांग लांबलचक असते. पेस्ट्री मात्र चुकवू नका. बेलेंचं ते दुकान १८३७पासून चालू आहे. पण आज मी तुम्हाला नेणार आहे रोसिओ या शहराच्या मध्यवर्ती चौकाजवळच्या साओ दोमिंगुशच्या चौकात.

इथलं चर्च बाहेरून साधंच वाटतं. आत गेलात की मात्र थबकायला होतं. १७५५च्या भूकंपात ते पडलं, पुन्हा उभं राहिलं. १९५९मध्ये आतून जळालं. दुरुस्ती झाली, पण तडकलेले, टवके उडालेले खांब तसेच ठेवले. युरोपातली सोन्याने मढवलेली चर्चं पाहून डोळे थकले असतील, तर हे पाहा.

१५०६च्या एप्रिलमध्ये याच चर्चमध्ये चमत्काराची हाकाटी उठली. क्रूसावर उजेड दिसला म्हणे. एकाने शंका काढली. तो होता ‘नवा ख्रिस्ती’, म्हणजे १४९७मध्ये राजा मानुएलने बळजबरीने बाटवलेल्या ज्यूंपैकी. वास्को द गामा आपल्याकडे यायला निघाला तेही हेच वर्ष. जमावाने त्या माणसाला ठार केलं आणि मग तीन दिवस शहरात कत्तल चालली. बळींचं स्मारक या चौकात उभं राहायला २००८ साल उजाडलं. पुढे आलेलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्म चोरून पाळणाऱ्यांना हुडकून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, गोव्यातही पोचलं, ते आपल्याला ठाऊक आहेच.

या भीतीची एक खूण अजून ताटात सापडते. डुकराचं मांस न खाणारं घर लगेच संशयात येई. म्हणून, असं सांगतात, बाटवलेल्या ज्यूंनी कोंबडी, पाव आणि लसूण भरून सॉसेज केलं आणि शेजाऱ्यांना दिसेल असं टांगलं. त्याचं नाव अल्येइरा. मूळ उत्तर पोर्तुगालचं, पण लिस्बनच्या साध्या खानावळीतही तळून मिळतं. गंमत अशी की आता त्यात सर्रास डुकराचं मांस घालतात! न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

शहरातलं सिनेगॉग १९०४चं. तेव्हा कॅथलिक सोडून इतरांच्या प्रार्थनास्थळाला रस्त्यावर दर्शनी भाग ठेवता येत नसे, म्हणून ते आवारात आत बांधलं. मोठी मशीद १९८५ची. तिने लपायचं कारण नव्हतं.

चौकातून पाच-दहा मिनिटं चाललात की मोरारिआ ही जुनी वस्ती लागते. ११४७मध्ये ख्रिस्ती राजाने मुसलमानांकडून शहर जिंकल्यावर त्यांना तटाबाहेर ही जागा दिली गेली. फादो, म्हणजे लिस्बनचं विरहाने भरलेलं गाणं, त्याची पहिली नामवंत गायिका सेवेरा याच गल्ल्यांतली. आज इथे बांगलादेशी किराणा, चिनी दुकानं, आफ्रिकी केस विणणाऱ्या बायका, सगळं एकाला लागून आहे. आणि शाकुती, सोरपोतेल, बेबिंका खाऊ घालणारी गोंयकारांची हॉटेलंही लिस्बनमध्ये आहेत. सामोसा तर शामुसा होऊन कुठल्याही कॅफेत बिअरबरोबर मिळतो. तो आता त्यांना परका वाटत नाही. शाकाहारी श्रोत्यांनो, तुमचीही सोय आहे. तेल्येइराशजवळ राधाकृष्णाचं मंदिर आहे, तिथल्या उपाहारगृहात पोटभर जेवता येतं. हे देऊळ उभारणारे बरेचसे गुजराती मोझांबिकहून आलेले.

जायचंच तर जूनमध्ये जा. १२ तारखेच्या रात्री सेंट अँथनीचा सण असतो. गोव्यात शिवोलीचं चर्च ज्याचं, तोच हा संत, जन्माने लिस्बनचा. गल्लोगल्ली सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीची सख्खी बहीण, कोळशावर भाजतात आणि जाड पावावर ठेवून देतात. माणसं एकमेकांना लहान पानांच्या, तुळशीच्या जातीच्या रोपाची कुंडी देतात, त्यात कागदी फूल आणि चार ओळींचं गाणं खोचलेलं. रोपाला नाक लावायचं नाही, तळहात फिरवून तो हुंगायचा, अशी रीत आहे. त्या रात्री खोली मिळणं कठीण. आरक्षण आधीच करा. आणि हो, चढाचे दगडी रस्ते गुळगुळीत झालेत, तेव्हा चांगल्या तळव्याचे बूट घाला.

नमस्कार.