छपराखालची शर्यत आणि प्रोपेनवरचं इंजिन

(दृश्य: जुन्या गोदामातला कार्टिंग ट्रॅक. कडेला टायरच्या रांगा, वळणावर घासत जाणारी चाकं.)

जमिनीला जवळजवळ टेकलेली सीट, पाठीमागे एका सिलिंडरचं इंजिन आणि डोक्यावर पत्र्याचं छप्पर. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये थंडीपावसात कार्टिंग, म्हणजे छोट्या गो-कार्ट गाड्यांची शर्यत, बंद पडू नये म्हणून रिकाम्या गोदामांत असे ट्रॅक आखले गेले. गाड्या आत आल्या, आणि त्यांच्यामागून धूरही आत आला.

गो-कार्ट मुळात मोकळ्या मैदानाची. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या रेसकार बांधणाऱ्या कारागिराने पाइपांचा सांगाडा जोडला आणि त्यावर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन चढवलं. आजही भाड्याच्या कितीतरी कार्टवर तशाच साध्या घराण्यातलं, हवेवर थंड होणारं इंजिन असतं. होंडाचं जीएक्स १६० किंवा जीएक्स २०० घ्या, म्हणजे १६३ आणि १९६ सीसी. पाण्याच्या पंपावर, फवारणीच्या यंत्रावर बसतं तेच हे इंजिन. उघड्यावर ते कितीही धुरकटलं तरी वारा निस्तरतो. छपराखाली अशी आठ-दहा इंजिनं तासन्‌तास पळतात, तेव्हा निस्तरायला कुणी नसतं.

इथे खरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरून ठेवतं. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, आणि माणसाला वाटतं की उन्हाने किंवा दगदगीने झालं असेल. नायॉश ही अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याची संस्था पूर्ण पाळीच्या सरासरीसाठी हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग इतकीच मर्यादा सुचवते, आणि २०० भागांच्या वर क्षणभरही जाऊ नये असं सांगते. गिऱ्हाईक दहा मिनिटं गाडी पळवून बाहेर पडतं. झेंडा घेऊन वळणावर उभा असलेला पोरगा मात्र दिवसभर तीच हवा ओढत असतो. या सगळ्या विषयात आम्हाला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते.

(दृश्य: कार्टच्या बाजूला पट्ट्याने आवळलेली छोटी टाकी. नळी, रेग्युलेटर, कार्बोरेटर.)

गोदामातल्या माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट आधीपासून पेट्रोलऐवजी प्रोपेनवर, म्हणजे एलपीजीतल्या एका गॅसवर, चालत होत्या, स्केटिंगच्या रिंकवर बर्फ सपाट करणारी यंत्रंही. कार्टवाल्यांनी तीच वाट धरली.

प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. म्हणजे साध्या हवेत तो वायूच असतो, आणि टाकीत स्वतःच्याच दाबाखाली द्रव होऊन राहतो. २० अंशांना हा दाब साधारण ८ बार (एक बार म्हणजे जवळजवळ नेहमीच्या हवेचा दाब), ४० अंशांना १३-१४ बार. उन्हाने द्रव फुगतो, म्हणून टाकी ८० टक्क्यांच्या वर भरत नाहीत.

टाकीतून निघालेला गॅस रेग्युलेटरमध्ये येतो, आणि कार्टची सगळी गंमत या तळहाताएवढ्या डबीत आहे. आत रबराचा पातळ पडदा असतो. पिस्टन खाली गेला की इंजिन हवा ओढतं, ती ओढ पडद्यापर्यंत पोचते, पडदा हलतो, बारीकसा व्हॉल्व्ह उघडतो आणि जेवढी ओढ तेवढाच गॅस सुटतो. इंजिन थांबलं की ओढ संपते आणि व्हॉल्व्ह बंद. कार्ट उलटली, इंजिन बंद पडलं, तर गॅसही तिथेच थांबायला हवा, त्यामुळे हा पडदा कडक झाला किंवा चिरला तर तो बदलायचा, चालवून घ्यायचा नाही. डबीच्या मधोमध एक बटण असतं. थंड इंजिन सुरू करताना ते बोटाने हलकेच दाबायचं. चोक ओढायची भानगड नाही, प्लग ओला होणं नाही, हिवाळाभर उभ्या गाडीत पेट्रोल चिकट होऊन जेट (कार्बोरेटरमधलं बारीक छिद्र) तुंबणंही नाही.

आता टाकीकडे नीट बघा. सलग फेऱ्या झाल्या की तिच्या खालच्या भागावर आधी दव धरतं, मग पांढरा बर्फाचा थर. द्रवाची वाफ होताना उष्णता टाकीतूनच खेचली जाते. तो पांढरा पट्टा जिथे संपतो, साधारण तिथपर्यंत आत द्रव उरलेला असतो. जास्तच थंड झाली की टाकीतला दाब उतरतो आणि गाडीचा पिकअप मरतो. मोठ्या गाड्यांत इंजिनच्या गरम पाण्यावर गॅस तापवतात. हवेवर थंड होणाऱ्या कार्टच्या इंजिनात ते पाणीच नसतं.

ताकदीचं बोलायचं तर थोडी घट होते. गॅस इंजिनच्या सिलिंडरमध्ये हवेची सुमारे ४ टक्के जागा खातो, आणि पेट्रोलचे थेंब आत उडताना जो गारवा देतात तोही मिळत नाही. शिवाय एका लिटर द्रव प्रोपेनमध्ये पेट्रोलच्या जेमतेम तीन चतुर्थांश ऊर्जा असते, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांना लिटर जास्त लागतात. उलट बाजूला ऑक्टेन, म्हणजे इंधनाची अवेळी न पेटण्याची ताकद, ११० च्या आसपास, त्यामुळे हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, म्हणजे मिश्रण जास्त दाबलं, तरी इंजिन नॉक करत नाही, ठोके देत नाही. पण भाड्याच्या कार्टला एवढी हौस कोण करतो? तिथे सगळ्या गाड्या सारख्या पळाल्या म्हणजे झालं.

(दृश्य: सायलेन्सरमध्ये घातलेली ॲनालायझरची नळी, पडद्यावर हलणारा आकडा.)

आता मुद्द्याचं. प्रोपेन आणला म्हणजे हवा स्वच्छ झाली, असा समज सर्रास दिसतो. तो चुकीचा आहे, आणि जिवावर बेतू शकतो. कार्बन मोनॉक्साइड किती निघणार हे मुख्यतः गॅस आणि हवेचं मिश्रण ठरवतं. प्रोपेनच्या एका किलोला पूर्ण जळायला साधारण १५.७ किलो हवा लागते. गॅस हवेत छान मिसळतो, त्यामुळे इंजिन लीन, म्हणजे गॅस कमी आणि हवा जास्त असलेल्या, मिश्रणावरही न अडखळता चालतं. फायदा आहे तो इथे. पण पिकअप हवा म्हणून कुणी स्क्रू फिरवून मिश्रण दहा टक्क्यांनी रिच केलं, म्हणजे गॅस वाढवला, की धुरातला कार्बन मोनॉक्साइड दोन-तीन टक्क्यांवर जातो. तीन टक्के म्हणजे दहा लाखांत तीस हजार भाग! पेट्रोलच्या धुराने निदान डोळे तरी चुरचुरतात. प्रोपेनचा धूर फारसा जाणवत नाही, आणि त्यामुळेच लोक बेसावध राहतात. प्रोपेनच्या फोर्कलिफ्टमुळे गोदामांत आणि रिंकवरच्या यंत्रांमुळे प्रेक्षकांत विषबाधा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत.

म्हणून स्क्रू कानाने लावायचा नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारा ॲनालायझर लावूनच लावायचा. वर मोठे पंखे हवेत, आणि मीटरही हवेत, दोन वेगवेगळ्या उंचीवर. कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच हलका, तेव्हा त्याचा मीटर माणसाच्या नाकाच्या उंचीला. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळला तर खड्ड्यात, गटारात साचतो आणि हवेत दोन टक्क्यांच्या थोडं वर गेला की ठिणगीला पेटतो. त्याचा सेन्सर जमिनीलगत. गळतीचा वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळलेलं असतं, पण नुसत्या नाकावर भिस्त ठेवू नये.

आता परदेशातले बरेच ट्रॅक बॅटरीच्या कार्टकडे वळलेत. बंद जागेसाठी तेच बरं, आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: महाराष्ट्रातल्या एका शहरात एलपीजी रिक्षा, मागचं झाकण उघडलेलं.)

आपल्याकडे इंजिनीअरिंगची मुलं दरवर्षी कार्ट बांधतात आणि वेगळं इंधन वापरून बघायची त्यांना हौस असते. त्यांनी एकदा एलपीजी रिक्षाच्या मागे डोकवावं. इंजिन तिथेही दोनशे सीसीच्या आसपासचंच. आपला ऑटो एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ उकळतो, आपल्या हवेत त्याने काही अडत नाही. घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर मात्र गाडीला लावायला कायद्याने बंदी आहे. एलपीजीवर वाहन चालवायची परवानगी २००० साली मिळाली, ती मान्यताप्राप्त कीट आणि टाकीसाठी. गॅस-कीट बसवणारा जाणता मेकॅनिक आणि पीयूसीचं मशीन कुठल्याही मोठ्या गावात सापडतं. पहिली फेरी मारण्याआधी कार्ट तिथे न्या, सायलेन्सरमध्ये नळी घाला आणि आकडा वहीत लिहून ठेवा.