दहाची पेज, रात्री आठला

श्रोतेहो, नमस्कार.

पेज म्हटली की हल्लीची मुलं आधी विचारतात, "कोणाला बरं नाही?" आपल्या गोव्यात पेज ही कष्टकऱ्यांची. सकाळी लवकर शेतात उतरलेली माणसं दहाच्या सुमाराला बांधावर बसायची. उकड्या तांदळाची पेज, सोबत सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर नाहीतर मिठातलं तोर, म्हणजे कोवळी कैरी, एवढ्यावर दुपारपर्यंतचं काम व्हायचं. सुटीच्या दिवशी आम्हा मुलांच्याही वाट्याला तीच पेज यायची. आता सकाळी दहाला आपण कामावर असतो, मुलं शाळेत. म्हणून आमच्या घरी बुधवारी रात्री आठला पेज असते, आणि त्या दिवशी जेवायला या म्हणून कोणाला दोनदा हाक मारावी लागत नाही.

तांदूळ मात्र उकडाच हवा. सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाची पेज खिमट होते, दाणा उरत नाही. उकड्यात भात सालासकट उकडून, वाळवून मग कांडलेलं असतं. उकडताना कोंड्यातली जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात आणि दाणा घट्ट होतो, म्हणूनच तो शिजायला वेळ घेतो. आमच्या घरी ज्योती जातीचा तांदूळ असतो. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतातला, कोरगुट तांदूळ मिळाला तर सोडू नका. खारं पाणी सोसून आलेल्या त्या दाण्याची चव वेगळीच.

चौघांना दीड वाटी तांदूळ पुरतात. सकाळी कामावर निघताना ते धुऊन भिजत घाला. संध्याकाळी सहा-सात पट पाणी घालून कुकरला लावा, कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. पाच-सहा शिट्या, मग थोडा वेळ मंद आंच. झाकण उघडलं की मीठ घाला, दाट वाटली तर गरम पाणी. पेजेचं एवढंच.

खरं काम किसमुरीत आहे. सुकी सुंगटं मूठभर घ्या, डोकी आणि शेपट्या खुडून टाका. कोरड्या तव्यावर, अगदी मंद आंचेवर, हलवत राहून भाजा. घाई केली तर वरून करपतात आणि आत चिवट राहतात. एक सुंगट उचलून बोटांत दाबायचं. कट्कन मोडलं की उतरवायची, वाकलं तर अजून थोडी भाजायची. वासासाठी खिडकी उघडी ठेवा. आमच्या शेजारी तर हा वास आला की वाटी घेऊन येतात, आणि मला त्याचा आनंदच होतो.

दुसरीकडे एक कांदा बारीक चिरा, अर्ध्या कवडीचं खोबरं खोवा. त्यात तिखट, चिमूटभर हळद, चिंचेचा थोडा कोळ, आणि वर चमचाभर खोबरेल तेल. हातानं चुरा, म्हणजे कांद्याचं पाणी खोबऱ्याला लागतं. मीठ चाखूनच घाला, सुंगटांत ते आधीच असतं. आणि सुंगटं मिसळायची ती पानं वाढल्यावर. आधी मिसळलीत तर ती मऊ पडतात, आणि मग किसमुरीत राहिलं काय? गरम पेजेच्या घोटामागून ती कुरकुरीत चिमूट तोंडात पडायला हवी.

सुंगटं घ्यायची ती मे महिन्यात. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवण करायच्या, दिवसांत म्हापशाच्या, मडगावच्या बाजारात ती ढिगांनी येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, ताज्या मासळीचे भाव चढलेले, अशा वेळी घट्ट झाकणाच्या बरणीतली ही सुंगटं पावसाळाभर पुरतात. एका जेवणाला मूठभरच लागतात, तेव्हा खर्च तो काय? हल्ली महाग पडतो तो नारळ. म्हणून मी अर्धीच कवड सांगितली.

सोमवार असेल, श्रावण असेल, तर सुंगटांऐवजी उडदाचे पापड भाजून चुरा, बाकी सगळं तेच. ही पापडाची किसमूर मुलं जास्तच मागतात. लहान मुलांसाठी तिखट निम्मं करा, चिंच मात्र कमी करू नका. आणि पेज उरली तर पाणी घालून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी डब्याच्या गडबडीत एक वाटी गरम केली की न्याहारी झाली.

नमस्कार.