बायपासनंतर कॅमेरा कधी हातात घ्यायचा?

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या गळ्यात कॅमेरा आहे, अनेकांच्या खिशात सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी, आहे आणि काहींकडे दोन्ही आहे. त्यामुळे हृदयाची बायपास शस्त्रक्रिया म्हणजे काय, इथून मी सुरुवात करत नाही. माझ्या तक्रारीपासून करतो.

माझ्या बायपासनंतर मिळालेल्या डिस्चार्जच्या कागदावर सगळं होतं. मीठ किती, जिना कधी चढायचा, स्कूटर कधी चालवायची. आवडीच्या कामाबद्दल मात्र एक ओळ नाही. मी विचारलं, "डॉक्टर, फोटोग्राफी केली तर चालेल ना?" ते म्हणाले, "अहो, खुशाल करा. मन रमेल." त्यांच्या डोळ्यांपुढे मोबाइल असणार. माझ्या डोळ्यांपुढे दूरचे पक्षी टिपणारी दीडशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स! ती एकटीच दोन किलोची. कॅमेऱ्याची बॉडी लावली की जवळजवळ तीन किलो, आणि तेही उडत्या घारीमागे वर रोखून धरायचं.

घरी आलो तर थोरल्या ताईने कॅमेरा लोखंडी कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतलेली. "पुरे झालं आता तुझं रानोमाळ भटकणं." तिच्या डोळ्यांत पाणी. वाद कसा घालणार? पण दिवस आषाढाचे होते. पुण्याची ओल, बंद कपाट, कापडी बॅग आणि आतली ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी केव्हाच दमट झालेली. भाद्रपदात कपाट उघडलं. लेन्समागे टॉर्च धरला तर आतल्या भिंगावर बुरशी, कोळिष्टकासारखी, कडेकडून मध्याकडे सरकलेली. एकेक तंतू मोजता आला असता. दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडून साफ केली, पण बुरशीने जिथे भिंगावरचा लेप, म्हणजे कोटिंग खाल्लं तिथला डाग राहिला तो राहिलाच. ताईवर माझा राग नाही. तिला कोणी काही नीट समजावूनच सांगितलं नव्हतं, आणि खरा राग आहे तो याचाच. एकीकडे 'खुशाल', दुसरीकडे 'मुळीच नाही'. मधलं उत्तर कोणी देईना.

ते दिलं फिजिओथेरपीच्या मॅडमनी. त्यांनी कॅमेरा मागवून चक्क वजनकाट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "धरता कसा, दाखवा." मी कोपर उचललं. त्यांनी ते अलगद खाली आणून बरगडीला टेकवलं. "आता बघा, छातीवर ताण येतो का?" नव्हता येत.

जाता जाता एक गंमत सांगतो. आपल्यापैकी बरेच जण मेटोप्रोलॉल ही हृदयाची गोळी घेतात. या जातीच्या गोळ्या नेमबाजीच्या स्पर्धांत निषिद्ध आहेत, कारण त्यांनी ठोके मंदावतात आणि हात स्थिर राहतो. आपल्याला मात्र त्या डॉक्टरच लिहून देतात!

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जे सांगायला आलो ते आता भराभर सांगतो.

डॉक्टरांना 'फोटोग्राफी चालेल का' असं विचारू नका. किलोत विचारा, हालचालीत विचारा. तीन किलो, खांद्याच्या वर, इतकी मिनिटं, चालेल? बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून तारेने बांधलेलं असतं. ते सांधायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, मधुमेह असेल तर जास्तही. तोवर मोबाइल किंवा हलका कॅमेरा. कासच्या पठारावर फुलांसाठी पालथं पडणं तर नाहीच. बायपाससाठी पायातली शीर काढली असेल तर उकिडवं बसणंही जपून. मनगटातून अँजिओप्लास्टी झाली असेल तर सुटका लवकर होते, पण त्या हाताला सुरुवातीचे काही दिवस वजन नको. पेसमेकर असेल तर त्या बाजूचा हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही. म्हणजे झाडावरचा धनेश पक्षी तेवढे दिवस राहू द्या. गळ्यातला पट्टा काढा, कॅमेरा नेमका टाक्यांवर आपटतो. भिगवणला पक्षी बघायला होडीत चढताना हाताने स्वतःला ओढून घेऊ नका, नावाडीदादांना आधार द्यायला सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर बाभळीच्या झुडपात शिरू नका, रक्त लवकर थांबत नाही. छातीत दडपण आलं तर समोर रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा थवा उठला तरी कॅमेरा खाली. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी जिभेखाली, आणि १०८ ला फोन.

बाकीचं चहाला बोलू. लेन्स बरोबर आणली आहे. कोपर टेकवून कशी धरायची ते ज्यांना बघायचं असेल, त्यांनी तिथे या.